फायनलला बसलेला घसा

आबा,

रविवारी चांदवडकडच्या त्या टेकडीखालच्या मैदानावर कुणीतरी तुमची हाळी दिली. सेमीफायनल सुटली होती, मी स्टेजवर माईक घेऊन उभी होते, आणि धुरळ्यातून आवाज आला, "घरलाऽऽ! चल रं राजा, घरलाऽऽ!" बैलाला चल म्हणणारे, पळ म्हणणारे, त्याची आयमाय काढणारे ड्रायव्हर मी दर रविवारी ऐकते, पण बैलाला घरी चल म्हणणारा माणूस तुमच्यानंतर ऐकला नव्हता. हो, मी स्टेजवर होते. तुम्हाला हे ठाऊक असायचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा शर्यतींवर बंदी होती, मैदानांवर लोकांनी कांदा लावला होता, आणि मी नाशकात शाळेच्या ऑफिसात कारकून होते. कारकून अजून आहेच. पण शर्यती पुन्हा सुरू झाल्या त्या वर्षी आपल्या गावच्या यात्रेत बोलावलेला निवेदक आलाच नाही, आणि दादानं, तुमच्या थोरल्यानं, मला पुढं ढकललं. "हिला सगळ्या बैलांची कुंडली पाठ हाय, हिलाच द्या माईक." तेव्हापासून माझा रविवार मैदानावर जातो. बाईमाणूस माईकवर म्हणून आधी लोक हसायला यायचे, आता ऐकायला येतात. तुम्ही असता तर म्हणाला असता, तोंडाळ पोर, शेवटी तोंडच कामाला आलं.

तुमचं सगळं शास्त्र एका वाक्याचं होतं. "बैल मारानं पळत नाय गं, घराच्या ओढीनं पळतो. सकाळी रानात जाताना बघ कसा रेटावा लागतो, आन् संध्याकाळी बघ." म्हणून तुम्ही बैलाला पळायला शिकवलंच नाही, घरी यायला शिकवलंत. आपला कोसा लहान खोंड होता तेव्हापासूनचं मला आठवतं. दिवस कलतोय, दादा त्याला ओढ्यापलीकडच्या पट्टीत नेऊन सोडतो, तुम्ही आपल्या वाटेच्या तोंडाशी उभे, आणि मागं दारात आई उडदाच्या पिठाचे गुळाचे गोळे टोपलीत घेऊन. मी आईला चिकटलेली. तुम्ही दोन्ही हात तोंडाशी धरून हाळी देता, आणि तो पांढुरका ठिपका ओढा उतरतो, चढतो, मोठा होत होत येतो आणि तुम्हाला हुंगून टोपलीत तोंड घालतो. आई दरवेळी दचकायची आणि दरवेळी म्हणायची, "पाय मोडंल माझा एखाद दिवशी हा राकेस." आणि दुसऱ्या दिवशी गोळ्यांत तूप जास्त घालायची.

पण तुम्ही पेशानं ड्रायव्हर. बैल बागायतदारांचे, शर्यतीची छकडी त्यांची, हाकणारे तुम्ही. मोसम लागला की आठवडा आठवडा घरी नसायचात, देवळा, सटाणा, सिन्नर, जिथं मैदान तिथं, आणि यायचात तेव्हा तुमच्या सदऱ्याला दुसऱ्यांच्या गोठ्यांचा वास यायचा. त्यांच्या बैलांनाही तुम्ही तीच हाळी शिकवायचात, फक्त छकडीवर बसून, पाठीमागून. त्यामुळं हाळी आली की ते बैल नाकासमोर पुढं धावायचे. घरचा बैल मात्र तुम्ही कधी हाकला नाहीत, कारण पोळ्यालाच कुठल्या ना कुठल्या मालकाला तुमचा शब्द गेलेला असायचा. कोसा दादा हाकायचा. कोश्याला हाळी नेहमी समोरून आलेली. त्याच्या लेखी घर म्हणजे तुम्ही जिथं उभे असाल ती जागा, आणि हे ध्यानात यायला आपल्याला एक हाड मोडावं लागलं.

दादा माळावर सराव करत होता. कोश्याच्या जोडीला शेजारच्या नानांचा बैल होता. दोन घरचे दोन बैल एका जुवाखाली आणायचे, त्याला आपल्याकडं पैरा म्हणतात, तसा आपला नानांशी पैरा होता. जोडी भरधाव सुटलेली. तुम्ही बांधावरून खुरपणाऱ्या बायकांना रोजच्यासारखं ओरडलात, "चला गं, भाकरीची येळ झाली, चला घरला!" एवढंच. कोश्यानं तशा वेगात मान फिरवली आणि सरळ तुमच्याकडं वळला. नानांचा बैल फरपटला, छकडी उलटली, आणि दादाच्या खांद्याचं हाड गेलं. मी धावत आले तेव्हा तुम्ही दादाला उचलत होतात आणि कोसा तुमच्या पाठीला नाक घासत होता, शाबासकी मागत होता. बिचाऱ्याचं काय चुकलं होतं?

त्यानंतर घरात कायदा झाला, 'घरला' हा शब्द मोठ्यानं बोलायचा नाही. पाहुणे उठताना म्हणायचे, "चला, निघतो आता घरला," की आई ओठांवर बोट ठेवून गोठ्याकडं बघायची. "हळू बोला, बैल ऐकतोय." पाहुण्यांना वाटायचं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. मी एकदा विचारलं, हाळीचा शब्द बदलून टाका ना. तुम्ही म्हणालात, "शब्द कुणीबी बोललं तरी तो वळंल, आन् माझं तर शब्दाचंबी काम नाय. मी नुसता खाकरलो तरी त्याला घर दिसतं." हे सांगताना तुमचा चेहरा काळजीचा होता, पण आबा, थोडा फुललेलाही होता.

त्या वर्षी शब्द गेला होता देवळ्याच्या मालकांना. दिलदार माणूस, आवाज मोठा, राग त्याहून मोठा. त्यांची जोडी तुम्ही दिवाळीपासून तयार केलेली. मैदान हेच, टेकडीखालचं. तेव्हा बायका मैदानात उतरत नसत, म्हणून मी आणि आई टेकडीवर देवीच्या पायऱ्यांवर बसून बघत होतो. पहिल्या फेरीच्या गटात तुम्ही वेगळे, दादा वेगळा. सेमीलाही वेगळे. सेमीला तुमची हाळी देवळापर्यंत ऐकू आली आणि पुजारी बाहेर आला. मग फायनलच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि देवळ्याची जोडी तीन नंबरच्या चाकोरीत, आपली चारमध्ये. मधे फक्त पांढऱ्या फक्कीची एक रेघ. आईनं माझं मनगट धरलं ते शर्यत संपेपर्यंत सोडलं नाही.

खाली काय बोलणं झालं ते दादानं मागाहून सांगितलं. तो म्हणाला, "आबा, मी मागं घेतो छकडी." तुम्ही म्हणालात, "नानांच्या बैलाचं काय? त्याचा पयला फायनल हाय. तू पळव." दादा म्हणाला, "मग मालकांना सांगा तरी." तुम्ही म्हणालात, "त्यांना सांगितलं की मैदानाला सांगितलं. उद्यापासून जो उठंल तो बाजूच्या चाकोरीतून घरला घरला ओरडंल आन् तुला चाकाखाली घालंल. तू कासरा घट धर. बाकी मी बघतो." तुम्ही काय बघणार होतात ते त्याला कळलं नाही.

झेंडा पडला. आठ छकड्या सुटल्या आणि मी तुमच्या हाळीची वाट बघत राहिले. आली नाही. तुम्ही छकडीवर वाकलेले, कासरे हातात, तोंड मिटलेलं. देवळ्याचे बैल पळत होते, पण कुणीतरी हाक मारायची विसरल्यासारखे, कान मागं टाकून. तुमचा आवाज आल्याशिवाय शेवटचा जोर काढायचा नसतो हे तुम्हीच त्यांना शिकवलेलं. चार नंबरमधून कोसा सरळ रेघेत निघाला, नानांचा बैल त्याच्या बरोबरीनं, आणि दादा पहिला आला. तुम्ही दुसरे. टेकडीवर आई एकदम रडायला लागली. बाजूच्या बायकांना वाटलं, पोरगा जिंकला म्हणून.

मैदानात गुलाल उडायच्या आधी बोंब उठली, "घरचा बैल जिंकवला! घरचा बैल जिंकवला!" मालक गर्दी फोडून आले. "तोंड शिवलं व्हतं का तुझं?" तुम्ही म्हणालात, "घसा बसला मालक." "सेमीला तर डोंगर हलवत व्हतास!" "सेमीलाच बसला." लोक हसले. मालक हसले नाहीत. त्यांनी तुमच्या हातातून कासरे काढून घेतले आणि स्वतः बैल सोडायला लागले. ड्रायव्हरच्या हातून भर मैदानात कासरा काढून घेणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आईला कळलं होतं.

त्या संध्याकाळी आईनं चुलीवर शिरा केला, कारण दादा जिंकला होता, आणि कुणी तो खाईना. तुम्ही पाटावर बसलात, दादाच्या डोक्यातला गुलाल हातानं झटकलात आणि म्हणालात, "कोसा हाय तवर ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जायची नाय." मी म्हणाले, पण लोक तुम्हाला लबाड म्हणतायत. तुम्ही म्हणालात, "लोकांच्या तोंडाला हात लावता येतो व्हय? आपल्या तोंडाला येतो." आणि घास घेतलात. मला तुमचा इतका राग आला होता की मी मागच्या दारी जाऊन कोश्याला शिव्या दिल्या. तो माझ्या हातात गोळा आहे का बघत होता.

पुढच्या पोळ्याला तुमचा शब्द मागायला कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या पोळ्यालाही नाही. मग तुम्ही सिन्नरला कारखान्याच्या गेटवर वॉचमन झालात. तिथं तुम्हाला मी एकदाच बघितलं, शाळेची सहल त्या रस्त्यानं गेली तेव्हा. निळा शर्ट, गळ्यात शिट्टी, आणि एका ट्रकला हातानं थांबवताय. ट्रकवाल्याशी काय बोलत होतात कोण जाणे, पण हसत होतात. मी खिडकीतून हाक मारली नाही, कारण बरोबरच्या मुलींना मी सांगितलं होतं की माझे आबा ड्रायव्हर आहेत. ते काही खोटं नव्हतं. माझ्या लेखी तुमच्याखेरीज दुसरा ड्रायव्हर नव्हताच.

कोसा आपल्या गोठ्यात म्हातारा होऊन गेला. मग तुम्ही गेलात, मग आई. तुमची अट संपली होती. आणि रविवारी हे मैदान पुन्हा माझ्यापुढं होतं. कमिटीचे सेक्रेटरी सकाळीच म्हणाले, "ताई, फायनलच्या आधी जुन्या ड्रायव्हरांवर दोन शब्द बोला. तुमच्या वडलांचंबी सांगा, आता कोण काय म्हणतंय." कुणी काही म्हणणार नाही हे त्यांनी चांगल्या मनानं सांगितलं, पण म्हणण्यासारखं काही होतं हे त्यांनाही ठाऊक होतं. आणि माझ्या शेजारी खुर्चीत, मांडीवर शाल, हातात काठी, सत्काराला बोलावलेले देवळ्याचे मालक बसले होते. आता फार थकलेत. त्यांनी मला वर खाली बघितलं आणि विचारलं, "तू त्याचीच का?" मी हो म्हणाले. ते मैदानाकडं बघत बसले. मी मनात ठरवलं, आज सांगायचं. माईकवर, त्यांच्या देखत, जिथं तुमच्या हातून कासरा काढून घेतला तिथंच. वाक्य तयार होतं माझं, किती वर्षांपासून तयार होतं.

आणि सेमीला ती हाळी आली. आम्हा निवेदकांची एक खोड असते. ड्रायव्हर जे ओरडतो तेच आम्ही माईकवर ओरडतो, त्यानं मैदान पेटतं. आता चाबूक बंद झालाय, त्यामुळं आवाजाला फार भाव. मला तर काही सुचलंच नाही, मी तुमच्या चालीत ओरडले, "घरलाऽऽ!" लाऊडस्पीकरच्या कर्ण्याचा खांब त्याच्या चाकोरीच्या कडेलाच होता. त्या ड्रायव्हरच्या खांबाकडच्या बैलानं पळता पळता मान कर्ण्याकडं वळवली. छकडी रेघेला घासली, ड्रायव्हरनं कासरा ओढून जेमतेम सरळ केली आणि तो पास झाला. हे सगळं एका श्वासात झालं. लोकांना वाटलं, बैल बुजला. ती मान मी ओळखते, आबा.

मध्यंतरात मी खाली जाऊन त्या ड्रायव्हरला गाठलं. तिशीचा असेल, निफाडकडचा. विचारलं, ही हाळी कुठली? म्हणाला, "मामाची. मामा सिन्नरला कारखान्यात व्हता, तिथं गेटवर एक वॉचमन बाबा व्हते, त्यांनी शिकवली. ते म्हणायचे, बैल मारानं पळत नाय, घराच्या ओढीनं पळतो." मी छकडीच्या चाकाला धरून उभी राहिले. म्हणजे तुम्ही गेटवर बसून हे करत होतात. घरी कधी बोलला नाहीत. मी त्याला म्हणाले, घरी समोरूनही हाळी देतोस ना ह्याला? म्हणून वळतो ना रे? बाजूनं आली तरी? त्याचा चेहराच उतरला. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "कोणाला बोलू नका ताई. पाया पडतो." फायनलला त्याला एक नंबरची चाकोरी आली होती, कर्ण्याच्या खांबाला लागून.

मग मी स्टेजवर चढले आणि जुन्या ड्रायव्हरांवर दोन शब्द बोलले. कोण कसा बसायचा, कोण कसा पटका बांधायचा. लोक खूश होते. शेवटी तुमच्यापाशी आले. "माझे वडीलही या मैदानावर ड्रायव्हर होते," म्हणाले आणि थांबले. समोर फायनलचे सगळे ड्रायव्हर कान देऊन ऐकत उभे होते. तुम्ही त्या दिवशी गप्प का होतात हे सांगायचं तर कोसा का वळायचा हे सांगावं लागणार होतं, आणि ते एकदा माईकवर गेलं की मैदानात, फोनवर, उद्या सगळ्या तालुक्यांत. मी नुसतं म्हणाले, "चांगले ड्रायव्हर होते." टाळ्या बऱ्या पडल्या. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, कारण इतकी वर्षं तयार असलेल्या वाक्याचं हे झालं.

झेंडा पडला आणि मी माईक खाली धरला. कर्णे मुके. नुसता लोकांचा गलका आणि चाकांचा आवाज. सेक्रेटरी खालून हातवारे करत होते, बोला, बोला. त्याची हाळी आली, पाठीमागून, जिथून यायला हवी तिथून, आणि दोन्ही बैल माना न वळवता कर्ण्याच्या खांबावरून पुढं गेले. तो पहिला आला नाही. दुसरा आला, पण चाकोरीत आला. लांबून त्यानं स्टेजकडं बघून हात जोडले.

सेक्रेटरी धावत वर आले. "ताई, फायनललाच माईक बंद पडला का?" मी म्हणाले, "नाही हो, माझा घसा बसला." ते म्हणाले, "आत्ता तर खणखणीत बोलत व्हतात." मी म्हणाले, "त्यातच बसला." ते वैतागून निघून गेले. पुढच्या मैदानाला ते मला बोलावतील असं वाटत नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतंय, हेही सांगून टाकते.

मालक सगळं ऐकत होते. त्यांनी कर्ण्याच्या खांबाकडं बघितलं, मग खाली, जिथं तो ड्रायव्हर बैलांची जोती सोडत होता तिकडं बघितलं, बराच वेळ. म्हातारा झाला तरी बैलातला माणूस आहे. सेमीला ती मान वळली तेव्हा ते समोरच बसले होते. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुझ्या बापाचाबी असाच बसला व्हता. इथंच." त्यांचा हात कोटाच्या खिशात जाऊन यायला वेळ लागला. त्यांनी माझ्या तळहातावर खडीसाखरेचे दोन खडे ठेवले आणि वरून माझी मूठ मिटली. "घे. घशाला बरं असतं."

हे मी सोमवारी ऑफिसात, शाळेच्या कोऱ्या कागदांवर लिहिलंय. घडी करून पर्समध्ये ठेवते, बाकी कुठं ठेवणार. खडीसाखरही त्यातच आहे, आबा. खाल्ली नाही अजून. घशाला माझ्या काहीच झालेलं नाही.